तुमचं होऊ द्या

दुपारी जेवणं उरकली की हॉस्टेलचा जिना रिकामा असायचा. त्या वेळी मुंगी शेवटच्या पायरीवर बसून दुकानात फोन लावायची. बाप फोन उचलायचा, "कोण, मुंगी? बोल गं," म्हणायचा, आणि ती तोंड उघडते न उघडते तोच, "थांब हां, हाताखाली गिऱ्हाईक आहे," म्हणून मोकळा व्हायचा. फोन मात्र तो बंद करायचा नाही. आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि कामाला लागायचा.

मुंगी फोन कानाला लावून ऐकत बसायची. पाण्याच्या बाटलीची फुसफुस. जुन्या खुर्चीची करकर. मग कात्री. केस कापण्याआधी हवेत दोनदा नुसतीच कात्री वाजवायची बापाला सवय होती. ती किचकिच ऐकली की मुंगीला दुकान डोळ्यांपुढे दिसायचं: कोपऱ्यात तडा गेलेला आरसा, खिळ्याला लटकवलेला चामड्याचा पट्टा, बाकावर पेपर धरून बसलेली माणसं. त्यांतली निम्मी केस कापायला आलेली नसायचीच.

"उस्ताद, तुमचा फोन चालूच आहे वाटतं," बाकावरून टेलर म्हणायचा. त्याचं दुकान शेजारीच होतं, पण तो शिवणयंत्रावर कमी आणि या बाकावर जास्त सापडायचा.

"मुंगी आहे."

"मुंगी? अगं मुंगे, ऐकतेस का? तुझ्या बापाने माझ्या मिशीची पार वाट लावलीय! ये आणि बघ एकदा!"

"मिशी होती कुठे तुला?" हा आवाज पेन्शनरांचा. त्यांचं नाव एव्हाना त्यांच्या घरचेही विसरले असतील. "भुवईच घसरून खाली आली होती. उस्तादांनी ती काढून टाकली, उपकार मान."

जिन्यावर मुंगी तोंडावर हात दाबून हसायची. गिऱ्हाईक उठलं की बाप फोन हातात घ्यायचा. "हं. जेवलीस?" "जेवले." "अभ्यास?" "चाललाय." "बरं. ठेव मग, लोक बसलेत." एवढंच बोलणं. तरी ती खोलीत परतायची तेव्हा घरी जाऊन आल्यासारखी परतायची, आणि खोलीत पाऊल टाकताच घर पुन्हा लांब जायचं.

अलीकडे त्या 'चाललाय'वर तिची जीभ अडखळायला लागली होती. सहामाही परीक्षेत ती रसायनशास्त्रात नापास झाली होती. कॉलेजची फी माफ होती आणि हॉस्टेलची खोलीही त्या माफीवरच मिळाली होती. फेरपरीक्षेतही विषय सुटला नाही, तर दोन्ही जाणार होतं. तसं झालं तर पेटी उचलायची आणि गाव गाठायचं, दुसरा रस्ता नव्हता. बापाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो तर वस्तऱ्याला धार लावता लावता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमची मुंगी सायन्सला आहे." सायन्स म्हणजे काय असं कोणी विचारलं, तर म्हणायचा, "ते तिला विचारा. माझं काम केसांचं."

मुंगीची आई ती अगदी लहान असतानाच गेली. पोरीला घरी एकटीला कशी ठेवायची म्हणून बापाने तिला दुकानात आणलं, आणि पोर तिथेच वाढली. इकडचा वाडगा तिकडे ने, तिकडचा टॉवेल इकडे आण, अशी दिवसभर जमिनीवर लगबग चाललेली, म्हणून गिऱ्हाइकांनीच तिला मुंगी नाव दिलं. पुढे तिची हजेरी घेणाऱ्या मास्तरांखेरीज दुसऱ्या नावाने तिला कोणी हाक मारली नाही.

दुकानात बापाचा एकच कायदा होता. वस्तरा चालू असला की तोंड बंद. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर पातं असताना त्याला कोणी काही विचारायचं नाही, हाक मारायची नाही, शिंक आली तरी बाहेर जाऊन द्यायची. त्याने पातं फडक्याला पुसलं, की मग बोला काय बोलायचं ते. हा कायदा मुंगी चालायला लागली तेव्हाच शिकली होती. काही हवं असलं की बापाच्या उजव्या हाताला, पण जरा मागे, कोपराचा धक्का लागणार नाही अशा जागी ती उभी राहायची. बापाने न बघता "काय गं?" विचारलं, तर म्हणायची, "तुमचं होऊ द्या."

शिकायला येणाऱ्यांचीही तीच तऱ्हा. बापाच्या हाताखाली दोघंतिघं तयार झाले आणि आपापली दुकानं काढून बसले. नवा माणूस आला की बाप आधी त्याला पारखायचा, आणि मनाला पटला की खुर्चीच्या मागे एक स्टूल टाकून द्यायचा. स्टूल मिळालं म्हणजे शिष्य झाला. मग त्याने बसायचं आणि बघायचं. विचारायचं काही नाही. काही महिने असे गेले की एके दिवशी बाप अवाक्षर न बोलता वस्तरा त्याच्या हातात द्यायचा आणि स्वतः बाजूला व्हायचा. शिकवणं म्हणतात ते मुंगीने असं पाहिलं होतं.

मुंगीच्या हातात त्याने वस्तरा कधी दिला नाही. "तुझं हत्यार दप्तरात आहे," म्हणायचा.

तर सहामाहीचा पेपर परत मिळाला तेव्हा वर लाल शाईत मार्क होते, आणि खाली मॅडमनी लिहिलं होतं: मला येऊन भेट.

या मॅडम रसायनशास्त्राच्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, बाहीला कायम खडूची भुकटी, आवाज असा की शेवटच्या बाकावरची झोप मोडावी. मुलं त्यांना टरकून असत. मुंगीने रात्रभर कूस बदलली आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर त्यांच्या खोलीशी गेली. दार उघडं होतं. मॅडम पेपर तपासत होत्या. समोरच्या टेबलाशी भूगोलाचे सर खिडकीबाहेर बघत सफरचंद खात होते.

मॅडमचा पेन चालू होता.

मुंगी आत गेली आणि आपोआपच त्यांच्या उजव्या हाताला, जरा मागे जाऊन उभी राहिली. मॅडमनी एक पेपर संपवला, दुसरा ओढला. दुसरा संपवला, तिसरा ओढला. मध्ये पेन काही खाली ठेवला नाही. शेवटी त्यांनाच पाठीमागे कोणीतरी असल्याचं जाणवलं.

"काय गं? काही हवंय?"

"नाही मॅडम. तुमचं होऊ द्या."

मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या छातीशी धरलेल्या वहीकडे. दीडशे मुलांतल्या कोणाच्या पेपरवर आपण काय लिहिलं ते त्यांच्या लक्षात नव्हतं. हॉस्टेलमध्ये एकेका खोलीत चार चार पोरी, सदा गलका. अभ्यासाला शांत जागा शोधत एखादी येते, हे मात्र त्यांना माहीत होतं. त्यांनी पायानेच खिडकीजवळचं स्टूल पुढे सरकवलं.

"उभी का? बस तिथे. खुशाल बसत जा."

मुंगीच्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. स्टूल दिलं! नापास झालेल्या पोरीला बाईंनी स्टूल दिलं! ती बसली, वही मांडीवर उघडी ठेवली, आणि डोळ्यांची पापणी न लववता मॅडमच्या हाताकडे बघत राहिली. कुठल्या उत्तराला बरोबरची खूण होते, कुठे फुली, कुठे पेन क्षणभर अडतो आणि मग अर्धा मार्क देतो. शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला तेव्हा ती उठली, वाकून "येते" म्हणाली आणि हॉस्टेलवर तरंगत गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही. मग रोजचंच झालं.

भूगोलाचे सर म्हणायचे, "मॅडम, तुमचा पहारा आला हो." मॅडम हसायच्या. एकदा त्यांनी आपल्या डब्यातलं अर्धं तिच्यापुढे सरकवलं. एकदा विचारलं, "थंडी वाजत नाही ना त्या खिडकीशी?" मुंगी मान हलवायची. मॅडमना वाटायचं, गुणी पोर आहे, बसते, वाचते, जाते. मुंगीला वाटायचं, बाई पारखतायत. एक ना एक दिवस पेन बाजूला ठेवतील आणि माझ्याकडे वळतील. दोघींनाही एकमेकींचं बरं वाटत होतं, आणि रसायनशास्त्र होतं तिथेच होतं.

खरं सांगायचं तर तिचं घोडं फार मागे अडलं होतं. शाळेत असताना वर्षभर विज्ञानाला मास्तरच नव्हते. त्या तासाला मुलं पटांगण झाडायची. पुढे पाठांतरावर ती निभावून गेली, पण संयुजा म्हणजे काय, समीकरणात कुठल्या अक्षराच्या पायाशी दोन लिहायचं आणि कुठल्या तीन, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. वर्गात मॅडम म्हणायच्या, "हे तर तुम्हाला शाळेपासून येतंय," आणि फळा पुसून पुढे जायच्या. मुंगी तोंडाला कुलूप लावून बसायची.

फेरपरीक्षा महिन्यावर आली.

अशात एका संध्याकाळी तिच्याच खोलीतली एक मुलगी तरातरा मॅडमच्या खोलीत शिरली. तिचे वडील वकील, आणि तिचंही तोंड कोर्टात चालेल असं, म्हणून हॉस्टेलभर तिला वकीलच म्हणत. मॅडमचा पेन चालू होता. वकील टेबलावर दोन्ही हात टेकवून सरळ म्हणाली, "मॅडम, कालचं मला ढिम्म कळलेलं नाही. पुन्हा सांगा ना."

स्टुलावर मुंगीने डोळेच मिटून घेतले. आता कापतंय, असं वाटलं तिला.

डोळे उघडले तर मॅडमनी पेन टाकून दिला होता. चेहरा खुलला होता. "ये, बस. कुठलं नाही कळलं?" कोरा कागद ओढून त्या समजवायला लागल्या, आकृत्या काढायला लागल्या. वकील मध्येच "थांबा थांबा, हे कसं आलं?" म्हणायची, आणि मॅडम चिडायच्या सोडून आणखी रंगायच्या. मुंगी इतक्या दिवसांपासून जिची वाट बघत होती ती गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर दुसरीला मिळत होती, नुसती मागितली म्हणून.

वाटेत वकील म्हणाली, "तू का गं बसतेस तिथे रोज पुतळ्यासारखी?"

"शिकते."

"काय शिकतेस?"

मुंगीने वही दुसऱ्या हातात घेतली.

"अगं वेडे, तोंड उघडल्याशिवाय त्यांना कळणार कसं? उद्या विचार. खाणार आहेत का त्या?"

दुसऱ्या दिवशी मुंगी गेली, बसली, तोंड उघडायला गेली, आणि पेनच्या टोकाकडे बघून पुन्हा मिटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सुट्टी लागली, तशी तिने पेटी भरली. वकिलाने विचारलं, "चार दिवसांसाठी एवढी पेटी?" मुंगी म्हणाली, "असू दे."

बसमध्ये बसली तशी तिची छाती हलकी झाली. आता झालं. दुकानात बाकाच्या टोकाशी आपली जागा आहे, वाडगे आहेत, टॉवेल आहेत. बाप चार दिवस गप्प राहील, पाचव्या दिवशी म्हणेल, "जरा आरसा पूस गं." की झालं सगळं पूर्वीसारखं. शेतं मागे पडत होती आणि तिला साबणाचा वास यायला लागला होता.

ती दुकानाच्या दारात उभी राहिली तेव्हा आत टेलर कसला तरी चावट किस्सा रंगात येऊन सांगत होता. पेन्शनरांनी त्याला कोपराने ढोसलं.

"अरे गप. ताई आल्या आहेत."

मुंगीने मागे वळून पाहिलं, कोण ताई आल्या ते. मागे कोणी नव्हतं.

"या, या," टेलर बाकावरून उठलाच. "बसा. प्रवास नीट झाला ना?"

"काका, तुम्ही मला 'या' काय म्हणता?"

"मग काय म्हणू? कॉलेजात आहात आता तुम्ही."

बाकाच्या टोकाशी दाढीच्या साबणाचे खोके रचले होते. मुंगीने पेटी ठेवली आणि सवयीने कोपऱ्यातला झाडू घेतला. जमिनीवर केसांचा ढीग पडला होता. दोन हात मारले असतील नसतील, बापाने येऊन झाडू तिच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे ते. कपडे खराब होतील."

"बाबा, असे किती वेळा झाडलेत मी."

"तेव्हाचं वेगळं," बाप म्हणाला, आणि झाडू नेऊन दाराच्या मागे ठेवला. मुंगी काय करावं ते न कळून आरशासमोर उभी राहिली. पेन्शनर घसा खाकरून पेपर वाचायला लागले. टेलरचा किस्सा अर्ध्यातच राहिला तो राहिलाच. जिन्यावर बसून कानाला फोन लावायची तेव्हा हे दुकान किती भरलेलं असायचं! आता ती त्याच्या मधोमध उभी होती, आणि तिला ते ऐकूच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलर दाढीला बसला. बापाने साबण फेसाळला, पट्ट्यावर वस्तरा फिरवला, टेलरची मान मागे टेकवली. एक गाल साफ झाला. पातं गळ्याशी आलं. मुंगी उजव्या हाताला, जरा मागे उभी होती. तिच्या मनात काय आलं कोण जाणे.

"बाबा, मी नापास झाले."

बापाचा हात जागच्या जागी थांबला. टेलरने डोळे गरगर फिरवत एकदा पात्याकडे आणि एकदा मुंगीकडे पाहिलं. बापाने वस्तरा हळूच उचलून हवेत धरला.

"बोल."

"तुमचं होऊ द्या."

"बोललीस ना आता? मग पुरतं बोल. टेलरचा गाल कुठे पळून जात नाही."

"अर्धा गाल घेऊन पळून तरी कुठे जाऊ?" टेलर फेसातून पुटपुटला.

मुंगीने सगळं सांगितलं. मास्तर नसलेलं वर्ष, पटांगण, पेपरवरची लाल शाई, स्टूल, रोजचं बसणं, वकिलाची मुलगी. फी माफी जाणार तेही सांगितलं. बाप ऐकत होता. त्याच्या हातातल्या पात्यावरचा फेस मनगटाकडे ओघळत होता.

"स्टूल दिलं म्हणालीस बाईंनी?"

"हो."

"आणि तू बघत बसलीस."

"तुम्हीच तसं शिकवलंत ना सगळ्यांना."

बापाने मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिला. "त्या बाईंच्या हातात काय असतं?"

"पेन."

"पेन. पेनने कोणाचा गळा कापतो?"

"तसं म्हणू नका उस्ताद," बाकावरून पेन्शनर म्हणाले. "मी जन्मभर ऑफिसात पेनच चालवला. बरेच कापले."

टेलर फिसकन हसला आणि फेस नाकात गेला. बापही हसला असता, पण त्याचं लक्ष मुंगीकडे होतं. मुंगी त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला एकच वाक्य हवं होतं. जाऊ दे गं, राहा इथेच. एवढं म्हणाला असता तर तिने दाराआडचा झाडू ओढून काढला असता आणि जन्मभर खाली ठेवला नसता. बापाच्या ओठांवर काहीतरी येऊन थांबलं होतं हे तिला दिसत होतं. दुकानात दिवस कसा ओस जातो, संध्याकाळी शटर ओढल्यावर घराकडे पाय कसा निघत नाही, हे तो फोनवर कधी बोलला नव्हता, आताही बोलला नाही.

"उद्याची पहिली बस धर," तो म्हणाला. "अजून दिवस आहेत हातात. बाईंना सांग, माझ्या बापाची पद्धत न्हाव्याची आहे, तुमच्या कामाला ती चालत नाही."

मग त्याने टेलरची मान पुन्हा टेकवली आणि उरलेला गाल साफ केला. रोजच्यापेक्षा हळू केला.

सुट्टी संपायच्या आधीच मुंगी मॅडमच्या खोलीत उभी होती. कॉलेज रिकामं होतं, पण मॅडम असणार हे तिला ठाऊक होतं. त्यांचे पेपर सुट्टीतही संपत नसत. ती यावेळी मागे गेली नाही. टेबलासमोर जाऊन उभी राहिली. पेन चालू होता.

"मॅडम, मला संयुजा येत नाही."

आवाज इतका मोठा निघाला की मॅडम दचकल्या, आणि पेन कोणाच्यातरी उत्तरावरून आडवा घसरत गेला. लांबलचक लाल रेघ उमटली.

"गेला बिचारा," मॅडम रेघेकडे बघत म्हणाल्या. मग त्यांनी पेनला टोपण लावलं. "संयुजा? तू तर रोज इथे बसतेस. वही उघडून बसतेस. मला वाटलं, तुझा अभ्यास चालतो."

"मी तुमच्याकडे बघत होते."

"माझ्याकडे? कशाला?"

"तुम्ही स्टूल दिलंत ना."

आणि मग तिने दुकानातली रीत सांगितली, स्टुलाची, पात्याची, सगळी. सांगताना तिला वाटलं, या आता हसतील. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे एवढे दिवस तू माझी वाट बघत होतीस," त्या म्हणाल्या. "आणि मी तुला खिडकीशी थंडी वाजते का, ते विचारत होते." त्यांनी पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला. "मलाही विचारायला हवं होतं गं. आण ते स्टूल इकडे. समोर नाही, माझ्या शेजारी."

त्यांनी कागद ओढला. "समज, प्रत्येक अणूला हात असतात. हायड्रोजनला एक. ऑक्सिजनला दोन. एकही हात मोकळा राहता कामा नये. आता सांग, ऑक्सिजनचे दोन्ही हात धरायला किती हायड्रोजन लागतील?"

"दोन."

"मग पाणी कसं लिहिशील?"

मुंगीने लिहिलं. आजवर पोपटासारखं पाठ म्हटलेलं ते पाणी पहिल्यांदाच तिला दिसलं. "एवढंच?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"एवढंच. पुढचं अवघड आहे. पण ते उद्या."

त्या उद्यापासून रोज त्या पेन बाजूला ठेवत. मुंगी सुरुवातीला दोन प्रश्न विचारून थकायची. मग तिची जीभ सुटली. इतकी सुटली की भूगोलाचे सर एकदा डबा उचलून व्हरांड्यात जाऊन बसले. "पहारा होता तेव्हा बरा होता हो, मॅडम! आता तर कचेरी भरते इथे." मॅडम तिला मध्येच ओरडायच्याही. चुकलं की कागद चुरगळून टोपलीत टाकायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा." मुंगी पुन्हा लिहायची. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांपुढे अणू एकमेकांचे हात धरून फिरायचे, आणि त्यांच्या मागून कुठूनतरी दुकान यायचं आणि झोप उडवून जायचं.

फेरपरीक्षेत ती पास झाली. फार मोठे मार्क नव्हते, पण सरळ, कोणाच्या मेहेरबानीशिवाय. खोली राहिली, माफी राहिली. मॅडमनी निकालाच्या कागदावर बोट आपटलं आणि म्हणाल्या, "उन्हाळ्याच्या सुट्टीत काय करणार आहेस? प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली थांबशील? पुढच्या वर्षीचं सगळं आत्ताच हातात येईल. तुझ्यासारखी मागे पडलेली दोनचार मुलं आणखी आहेत, त्यांनाही तू सांगशील."

"थांबेन," मुंगी म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं, आपण काय म्हणालो ते. सबंध सुट्टी.

बापाला तिने पास झाल्याचं कळवलं, तसा तो दुकान बंद ठेवून बसने आला. दुकान असं बंद राहिल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, हातात मुंगीसाठी घेतलेली नवी उशी. कॉलेजच्या फाटकाशी तो जरा घुटमळला. मुंगीने त्याला हाताला धरून आत नेलं, मॅडमपुढे उभं केलं. मॅडम म्हणाल्या, "बसा ना." तो म्हणाला, "नको, मला उभं राहायची सवय आहे." मग बापाने हात जोडले आणि मॅडमनी त्याचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बाईंचे हात किती थंड आहेत गं. त्यांना काही गरम देत जा प्यायला."

बसस्टँडवर दोघं बाकावर बसले. मुंगीने सुट्टीचं सांगितलं, खाली बघत, चपलेने मातीत रेघा ओढत.

"सगळी सुट्टी?"

"हो."

"बरं झालं," बाप म्हणाला. "तिकडे उन्हाळ्यात दुकानात नुसती भट्टी होते. तुला त्रासच झाला असता."

"हो. आणि तुम्हालाही कामात अडचण."

"तेही आहे."

दोघांनी मान हलवली. दोघांनाही दुसऱ्याचं अगदी पटलं होतं, तरी दोघं तिथे कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत बसून राहिले. बापाने एकदा तिच्या केसांना हात लावला, टोकं बघितली, आणि म्हणाला, "फाटे फुटलेत. कापायला झालेत." बरोबर कात्री आणली नव्हती.

बस लागली. बाप चढला आणि अलीकडे, फलाटाच्या बाजूला, खिडकीची जागा रिकामी नाही म्हणून पलीकडच्या बाजूला बसला. मुंगी गाडीला वळसा घालून धावत पलीकडे गेली. तेवढ्यात बापाला वाटलं, पोर अलीकडे उभी आहे, आपण पाठ करून कसे बसलो! तो उठला, लोकांच्या मांडीवरून, गाठोड्यांवरून अलीकडच्या खिडकीशी गेला. मुंगी पलीकडे पोचली तर खिडकीत बाप नव्हता. तिने टाचा उंच करून आत पाहिलं, तर तिला त्याची इस्त्रीच्या शर्टातली पाठ दिसली. तो अलीकडे वाकून तिला शोधत होता.

"बाबा!" तिने हाक मारली. पण इंजिन सुरू झालं होतं.

ती पुन्हा वळसा घालायला पळाली. ती अलीकडे आली तेव्हा बस सुटली होती, आणि त्या खिडकीत एक अनोळखी म्हातारी बसली होती. बाप बहुधा पलीकडे परत गेला होता. म्हातारीला वाटलं, ही पोर आपल्यालाच निरोप द्यायला धावतेय. तिने तोंडभर हसून हात हलवला.

मुंगीनेही हलवला. बस वळणाआड गेली तरी हलवत राहिली. मग फलाट झाडणाऱ्या बाईने, "सरक बाळ जरा," म्हटलं, तशी ती सरकली आणि हॉस्टेलच्या रस्त्याला लागली.